भोंग्याला जवाब

आमच्या कंपाउंडमध्ये रोज संध्याकाळी एक जहाज यायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवीन राहायला आलेल्या माणसाला त्यात वावगं वाटायचं नाही. भोंगा वाजला की तो हौसेनं गॅलरीत येऊन पाण्याकडे बघत उभा राहायचा. आम्ही जुने लोक मात्र रस्त्याकडे बघायचो आणि अंगणात खेळणारी पोरं आत ओढायचो. कारण जहाज बोगनवेलीच्या कुंपणामागून यायचं. त्याला चार चाकं होती, डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, टपाच्या दांडीला अडकवलेलं, बुडणाऱ्याकडे फेकायचं नारिंगी लाइफबॉय आणि पायाशी नायलॉनच्या दोराचं भेंडोळं. सुकाणूवर कप्तान. शेजारी चाची, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन, चेहऱ्यावर आपला या माणसाशी काही संबंध नसल्याचा भाव.

सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या कडेला, तांबड्या समुद्राला लागून आमचं हे कंपाउंड, म्हणजे परदेशी नोकरदारांची कुंपणाआडची वसाहत. आत मोटारी न्यायची परवानगी नाही. गाड्या गेटपाशी ठेवायच्या आणि आतल्या अरुंद वाटांवरून गोल्फ कार्टनं फिरायचं. गोल्फ कोणीच खेळत नाही. कार्टमधून भाजी येते, पोरं स्कूलबसपर्यंत जातात आणि नवरा-बायकोची भांडणं सगळ्या गल्लीला ऐकू जातात, कारण कार्टला काचा नसतात.

कप्तान श्रीवर्धनच्या बाजूचे. इथल्या बंदरात टगवर होते. मोठाली जहाजं ढकलून, ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी दणकट बोट म्हणजे टग, आणि खरं सांगायचं तर कप्तानांची अंगकाठीही तशीच होती. सगळे त्यांना कप्तान म्हणायचे, मी चाचा म्हणायचे. ते मला ‘बाय’ म्हणायचे. माझ्या नवऱ्याला काहीच म्हणायचे नाहीत, कारण त्यानं एकदा आमची कार्ट त्यांच्या दारात आडवी लावली होती.

त्यांच्या मते जमिनीवरच्या माणसाला गाडी चालवायला देणं हीच मुळात चूक होती. “जमिनीला ब्रेक आहे ना बाय, म्हणून जमिनीवरचा माणूस विचार करत नाय. पाण्यात ब्रेक नाय. आमी आधी विचार करतो, मग हलतो.” आणि खरोखरच ते इतका विचार करायचे की त्यांच्या मागे अडकलेल्या माणसाला पायी जाणं परवडायचं. कार्ट ते कधी ‘लावायचे’ नाहीत. धक्क्याला घ्यायचे. म्हणजे दिव्याच्या खांबापाशी इंचाइंचानं सरकत यायचं, उतरून दोर खांबाला घालायचा आणि अशी काही गाठ मारायची की बघत राहावं. एकदा आमची कार्ट चार्ज नव्हती म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांची मागितली. त्यांनी उदारपणे किल्ली दिली. नवरा ती गाठ सोडवत बसला आणि शेवटी सामान डोक्यावर घेऊन घरी आला. “किल्लीनं काय होतं?” कप्तान म्हणाले. “किल्ली कुणालाबी मिळते.”

चाचींवर टेहळणीची जबाबदारी होती. ती त्यांनी मागितलेली नव्हती.

“समोर काय हाय?”

“मांजर.”

“कंच्या बाजूला?”

“माझ्या.”

“माझ्या म्हणजे काय? उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणायचं.”

“मांजराला कळतंय ते, माझी बाजू म्हणजे कंची. तुमी हळू घ्या.”

इतकी वर्षं झाली तरी चाचींनी स्टारबोर्ड म्हटलं नाही आणि कप्तानांनी सांगणं सोडलं नाही. त्यांच्या संसाराचा निम्मा आनंद यातच असावा असं मला वाटतं.

भोंगा कशासाठी, तेही सांगायला हवं. जनरेटरच्या खोलीपाशी वाट एकदम वळते आणि भिंतीमुळे पलीकडचं काही दिसत नाही. तिथं कप्तान थांबायचे आणि बोटीवरून आणलेला भोंगा एकदा लांबलचक वाजवायचे. नियम असा की पलीकडून कोणी येत असेल तर त्यानंही तसाच लांब भोंगा देऊन आपण असल्याचं कळवायचं. कप्तान कानामागे हात धरून जवाबाची वाट बघायचे. जवाब कधीच यायचा नाही. आमच्या कार्टना बकरीच्या पिल्लासारखा आवाज करणारे हॉर्न होते, आणि ते वाजवायचीही आम्हाला लाज वाटायची. “मम्मा, ही इज सो एक्स्ट्रा,” असं आमची मुलगी म्हणायची आणि उशीत तोंड खुपसून हसायची.

एकदा कुलकर्णी साहेब फोनवर बोलत बोलत पलीकडून आले आणि कप्तानांच्या समोरच उगवले. कुलकर्णी साहेब मूळचे नाशिकचे, फायनान्समधले, शिस्तीचे. रियाधहून बदली होऊन आलेले आणि आल्या आल्या आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष झालेले.

“मी भोंगा दिला. जवाब का नाय दिला?” कप्तानांनी विचारलं.

“अहो, तुम्ही मला विचारलं काय होतं?” कुलकर्णी साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं फाटलं. कुलकर्णी साहेबांनी आवाजाबद्दल तक्रार केली, आणि कप्तान त्यांचा उल्लेख ‘ते फोनवालं गलबत’ असा करू लागले.

आता या सगळ्या थाटाचं खरं कारण. चाचींच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं होतं आणि गुडघ्यांनीही दगा दिलेला. त्यांचं चालणं घरातल्या घरात. पण रोज सूर्य बुडताना त्यांना समुद्रावर असायचं म्हणजे असायचं. इथं येण्याआधी कित्येक वर्षं ही दोघं पूर्व किनाऱ्यावर, दम्मामच्या बाजूला होती. तिकडचा समुद्र चाचींना कधी पटला नाही. “उलटा दर्या, बाय. सूर्य सकाळी पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी वाळूत जातो. हे काय बुडणं झालं?” त्यांच्या गावी सूर्य पाण्यातच बुडायचा. म्हणून कप्तानांनी या किनाऱ्यावर बदली मागितली. साहेबानं कारण विचारलं, तर यांनी आपल्या बंदरी इंग्रजीत सांगितलं की बायकोला सूर्य बुडताना दिसत नाही. साहेब हळहळला. त्याला वाटलं डोळ्यांचं काहीतरी आहे, आणि इथून जवळ जेद्द्याला चांगले डॉक्टर मिळतील म्हणून त्यानं बदली तिथल्या तिथं मंजूर केली. “खोटं काय बोललो मी?” कप्तान मला म्हणाले होते. “दिसत नव्हता, तर दिसत नाय सांगितलं.”

अशा माणसाची समुद्राकडची वाट बंद व्हायची वेळ आली, ती एका दाताच्या डॉक्टरमुळे. हा इजिप्शियन डॉक्टर आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. कार्ट मागे घेता घेता तो थेट कारंज्यात गेला. लागलं कुणालाच नाही. कारंजं त्याच्या टपावर पडत राहिलं आणि हा आत बसून फोनवर कुणाला तरी गुळण्या कशा करायच्या ते सांगत राहिला. कंपाउंडच्या मॅनेजरनं मात्र ते मनावर घेतलं. हा जॉर्डनचा, कपाळावर कायम आठी, आम्ही सगळे त्याला अरबीत मुदीर म्हणायचो. त्यानं जाहीर केलं की रमजान संपेपर्यंत रहिवाशांनी कार्टच्या वाटांसाठी सुरक्षेचे उपाय एकमतानं ठरवावेत. नाहीतर समुद्राकडची वाट कार्टना बंद, चालत जा. खलास.

आम्हाला चालत जाणं म्हणजे व्यायाम. चाचींना म्हणजे समुद्र संपला.

क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली. माणसं एरवी फुकट जेवण असलं तरी इतकी जमत नाहीत. कुणाला हेल्मेट हवं होतं, कुणाला सगळ्या वाटा एकमार्गी करायच्या होत्या. तसं केलं असतं तर आम्हाला शेजारच्या घरी जायला अख्ख्या कंपाउंडला प्रदक्षिणा पडली असती. डॉक्टरचं म्हणणं होतं की चूक कारंज्याची आहे, ते हलवा. शेवटी कुलकर्णी साहेब स्लाइड घेऊन उभे राहिले. समुद्राकडच्या वाटेवर दर थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर टाकायचे, असा त्यांचा प्रस्ताव. स्लाइडवर स्पीडब्रेकर इतके देखणे दिसत होते की निम्म्या लोकांनी तिथंच माना डोलावल्या.

कप्तान उठले. मीटिंगमध्ये ते हिंदीत बोलायचे आणि त्यांच्या हिंदीला खाऱ्या पाण्याचा वास यायचा. “स्पीडब्रेकर नहीं होना. समुंदर में स्पीडब्रेकर है क्या? फिर भी इतना बड़ा बड़ा जहाज आता है, जाता है. नियम होना, नियम! जो नियम पूरी दुनिया का जहाज पालता है, वो हम पालेंगे.” आणि त्यांनी नियम सांगितले. उजव्या हातानं चालायचं. आंधळ्या वळणावर भोंगा. आणि दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं जो तुमच्या उजव्या हाताला असेल त्याला आधी जाऊ द्यायचं.

मी मधल्या वेळेत त्यांना बाजूला घेतलं. “चाचा, चाचींच्या कमरेचं सांगा की. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांना कळ येईल म्हटल्यावर कोण टाकेल?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बोटीला भोक पाडायला सांगितलं होतं. “बायकोचं दुखणं मीटिंगमध्ये मांडू? ती काय अजेंडा हाय?”

मतं घेतली तर दोन्ही बाजूंना सारखी. मुदीर वैतागला. रमजानचे पहिले काही दिवस कप्तानांचे नियम लावून बघू, जमलं तर ठीक, नाहीतर कुलकर्णींचे स्पीडब्रेकर, असा त्यानं निकाल दिला. कप्तान घरी जाताना इतके खूश होते की त्यांनी भोंगा दोनदा दिला. त्याचा अर्थ समुद्रावर काहीतरी भलताच होतो असं नंतर कळलं.

आणि गंमत म्हणजे जमलं! लोक उजव्या हातानं चालू लागले, वळणावर बकऱ्या ओरडू लागल्या. कप्तान नियम पाळणाऱ्याला सलाम ठोकायचे. तसा सलाम आम्हाला ऑफिसातही कुणी ठोकत नव्हतं, त्यामुळे आम्ही मुद्दाम त्यांच्या समोरून जायचो.

मग सगळ्या रहिवाशांच्या इफ्तारचा दिवस आला. जेवण समुद्राजवळच्या हिरवळीवर. मी बटाटेवड्यांचं पातेलं घेऊन एकटीच कार्टनं निघाले. कंपाउंडच्या मधोमध चार वाटांचा एक चौक आहे, तिथं पोचले तर डावीकडच्या वाटेवर कप्तान उभे. चाचींच्या मांडीवर सांदणांचा डबा. मी त्यांच्या उजव्या हाताला, म्हणून ते माझ्यासाठी थांबलेले. मी पुढे जाणार, तर माझ्या उजव्या हाताला कुलकर्णी साहेब! ते हिरवळीवर श्रीखंड ठेवून चमचे आणायला घरी परत निघालेले. मी त्यांच्यासाठी थांबले. त्यांच्या उजव्या हाताला मुदीर, शेजारच्या सीटवर मसुराच्या सूपचं मोठं भांडं पट्ट्यानं बांधून. कुलकर्णी साहेब त्याच्यासाठी थांबले. आणि मुदीरच्या उजव्या हाताला कप्तान.

“तफद्दल, कप्तान,” मुदीर आदबीनं म्हणाला. आधी तुम्ही.

“नाय, नाय. माझ्या उजव्या हाताला बाय हाय. बाय, चल तू.”

“मी कशी जाऊ? माझ्या उजवीकडे कुलकर्णी साहेब आहेत.”

“मी नियम मोडणार नाही,” कुलकर्णी साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोड आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. “मुदीर साहेब आधी.”

पुन्हा मुदीर म्हणाला तफद्दल. असं आम्ही एकमेकांना गोल गोल आग्रह करत राहिलो. लग्नातल्या पंगतीतही इतका आग्रह होत नाही. कुणीतरी सरळ निघायला हवं होतं, पण मुदीरच्या देखत नियम मोडला की स्पीडब्रेकर आलेच, आणि कुलकर्णी साहेबांना तर हलायचंच नव्हतं. मला हसू फुटायला लागलं. शेवटी कप्तान खाली उतरले, चौकाच्या मधोमध उभे राहिले आणि चारी दिशांना बोट दाखवत नियम पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणून बघू लागले. “दर्यावर चार जहाजं अशी कधी भेटत नायत,” ते पुटपुटले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

इकडे आभाळ लाल होत चाललं होतं. क्लबहाउसच्या छपरामुळे चौकातून समुद्र दिसत नाही, फक्त पाण्याच्या टाकीवर उजेड पडलेला दिसतो. चाची त्या टाकीकडे बघत होत्या. टाकीवरचा उजेड वर वर सरकत चालला होता.

“गेला की हो तो!” त्या म्हणाल्या.

“थांब जरा. नियम बगतोय मी.”

चाची थांबल्या नाहीत. कार्टची सीट सलग असते. डबा मांडीवर धरून त्या नुसत्या बाजूला सरकल्या आणि स्टिअरिंगमागे आल्या. या देशात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा कप्तानांनी त्यांना शिकवायची केवढी खटपट केली होती. “मना नको, तुमी हाव ना,” म्हणून त्यांनी चाकाला कधी हात लावला नव्हता. पण शेजारी बसून इतकी वर्षं बघितलं होतं. त्यांनी उजवा पाय दाबला आणि जहाज निघालं. माझ्या समोरून, कुलकर्णी साहेबांना घासून, सगळ्या दुनियेच्या नियमांच्या चिंधड्या करत!

कप्तान किनाऱ्यावर आणि जहाज चाललं, असं दृश्य जगात फार थोड्यांनी पाहिलं असेल. ते मागून धावत सुटले. रोजा, साठी ओलांडलेलं वय, डोक्यावरची टोपी हातात. “बसा, बसा!” कुलकर्णी साहेब ओरडले, आणि चमचे विसरून त्यांनी कार्ट वळवली. कप्तान फोनवाल्या गलबतात चढले. एक कार्ट हलल्याबरोबर सगळ्यांचीच वाट मोकळी झाली होती. मागे मुदीर निघाला, त्याच्या मागे मी. पातेलं आपटत होतं आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“ब्रेक!” कप्तान पुढं ओरडत होते. “डावा पाय! अगो, ब्रेक मार, ब्रेक!” ब्रेकला आयुष्यभर नावं ठेवणारा तो माणूस!

हिरवळीपलीकडे समुद्राकडे उतरताना वाटेवर एक उंचवटा आहे. रोज कप्तान तिथून कार्ट इतकी हळू नेत की थर्मासमधला चहा हलत नसे. चाची त्यावरून तशाच गेल्या. कार्ट उडाली, दाणकन खाली आली. “या अल्ला!” असा आवाज आला आणि त्यांचा एक हात कमरेवर गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी चाक सोडलं नाही. पुढे वाळूत चाकं रुतली आणि कार्ट कठड्याच्या अलीकडे आपोआप थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा त्या कमरेला हात लावून, ओठ घट्ट मिटून समोर बघत बसल्या होत्या. सूर्याची शेवटची कड पाण्यावर होती. ती गेली. मग त्यांनी वळून कप्तानांकडे बघितलं.

“असं जातात,” त्या म्हणाल्या.

त्याच वेळी अजान झाली. कप्तानांनी धापा टाकत खजूर तोंडात टाकला, मुदीरनं वाळूतच सूप वाढायला घेतलं. वडे, सांदणं, सगळं तिथंच कार्टच्या बॉनेटवर मांडलं आणि हिरवळीवरची माणसं ताटं घेऊन आमच्याकडे आली. श्रीखंड आलं, पण चमचे नव्हते, म्हणून मुदीरसकट सगळ्यांनी ते बोटांनी चाटलं. त्याच्या कपाळावरची आठी त्या दिवशी पहिल्यांदा गेली. कुलकर्णी साहेब मात्र काही खात नव्हते. ते चाचींच्या कमरेवरच्या हाताकडे बघत होते.

“कप्तान, तुम्ही बोलला का नाहीत?” त्यांनी हळूच विचारलं. कप्तान दोर घेऊन कठड्याला गाठ मारत बसले.

पुढच्या मीटिंगमध्ये कुलकर्णी साहेबांनी स्लाइड लावल्या नाहीत. स्पीडब्रेकरचा प्रस्ताव मागे घेतो, एवढंच म्हणाले. वळणावर गोल आरसा लावायचा आणि चौकात तीन वाटांवर थांबायच्या पाट्या लावायच्या असं त्यांनी सुचवलं. चौथ्या वाटेवर, म्हणजे कप्तानांच्या गल्लीकडून येणाऱ्या वाटेवर, पाटी नाही. तिकडून येणारा कधीच थांबणार नाही. डॉक्टरनं याचं कारण विचारलं. “सुरक्षा,” कुलकर्णी साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि एकमतानं ठराव झाला. समुद्राकडची वाट उघडी राहिली.

त्यानंतर चाकामागे चाचीच बसू लागल्या. कप्तान शेजारी बसून भोंगा द्यायचे आणि हुकूम सोडायचे, त्यातला एकही पाळला जायचा नाही. बाजू बदलल्यामुळे ‘माझी बाजू’ म्हणजे कोणती यावर नवा वाद सुरू झाला, आणि आमच्या बोगनवेलीची एक फांदी त्यात गेली. आरसा लागला होता, पलीकडचं लख्ख दिसायचं. तरी कप्तान वळणावर भोंगा द्यायचेच आणि कानामागे हात धरायचे. बकऱ्यांचा उत्साह केव्हाच ओसरला होता. “आरसा दाखवतो, बाय,” ते म्हणायचे. “बोलत नाय.”

मग त्यांचा करार संपला. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का बसला. निघायच्या दिवशी सामान आधीच गेटवर गेलं होतं आणि चाचींनी सांगितलं की गेटपर्यंत आपण आपल्या कार्टनंच जायचं. त्यांच्यामागे मी आमच्या कार्टमध्ये होते. मला कारण नसताना हसू येत होतं. गल्ली अगदी रिकामी होती. निरोपाला कुणीच कसं आलं नाही, म्हणून मला राग येत होता.

वळणापाशी चाचींनी कार्ट थांबवली. कप्तानांनी भोंगा दिला, नेहमीसारखाच लांबलचक. कानामागे हात धरला.

आणि भिंतीपलीकडून जवाब आला. पूर्ण लांब, खणखणीत, बोटीवरचाच भोंगा. कुलकर्णी साहेबांनी तो जेद्द्याहून मुद्दाम मागवून घेतला होता. तो थांबायच्या आत बाकीच्या कार्टचे हॉर्न सुरू झाले, सगळ्या बकऱ्या एकदम, लांबच लांब. आरशात बघितलं तर नियमाप्रमाणे आपापल्या उजव्या हाताला गेटपर्यंत कार्टची रांग लागलेली, सर्वांत पुढे मुदीर.

कप्तानांचा हात कानामागेच राहिला. चाचींनी पदरानं डोळे टिपले आणि चाकावर दोन्ही हात ठेवले.

“जवाब आला,” त्या म्हणाल्या. “आता सांगा, मी कंच्या बाजूनं जाऊ?”

“स्टारबोर्ड,” कप्तान कसेबसे म्हणाले.

“माझी की तुमची?”

“तुझी,” ते म्हणाले. “सगळ्या तुझ्याच.”